बशीतली मिरची

आमच्या अनाटो बे गावात रविवारी घड्याळ बघून कोणी जेवायला निघत नाही. मिस झेल्मांच्या खिडकीत बशी दिसली की निघतात. पांढरी बशी, काठाचा टवका उडालेली, आणि तिच्यात एक शिजलेली हिरवी मिरची, देठासकट, अख्खी. बशी दिसली की आज राजमा-भात झाला आणि चांगला झाला, एवढं गावाला कळतं. मग टोप्या सावरत बायका आणि टाय सैल करत पुरुष चर्चवरून सरळ तिकडंच वळतात.

मी शिंपी आहे. माझं दुकान त्यांच्या खाणावळीला लागून, मधे एक पातळ फळ्यांची भिंत. कापड बेतायची सवय आहे, माणूस शब्दांत बेतायची नाही. पण मिस झेल्मांविषयी दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही, म्हणून लिहितो.

ही मिरची साधी नव्हे. दाबून बसवलेल्या टोपीसारखी दिसते, म्हणून टोपी मिरची. तिचा वास पिकल्या फळासारखा गोड, पण पोटात विस्तव. नारळाच्या दुधात राजमा, तांदूळ, पातीचा कांदा आणि पिमेंटोचे मिऱ्यांसारखे दाणे रटरटायला लागले, की ती वर अलगद ठेवायची आणि झाकण घालायचं. मग डाव घालायचा नाही, पातेलं हलवायचं नाही. मिरची वाफेत शिजते, आपला वास भाताला देते आणि विस्तव स्वतःजवळ ठेवते. शेवटी देठाला धरून ती सगळ्यांत आधी उचलायची. ती अख्खी निघाली तर ती बाई स्वयंपाकीण. फुटली, तर सगळा भात पेटतो. आमच्याकडे नवी सून पहिल्यांदा पातेलं चढवते तेव्हा सासू भात चाखत नाही, आधी मिरची बघते.

मिस झेल्मांच्या पातेल्यात मिरची कधी फुटली नव्हती. हे त्या स्वतःच सांगत, आणि हळू आवाजात सांगत नसत.

त्या मूळच्या वरच्या डोंगरातल्या. लग्न होऊन खाली आल्या तेव्हा गावातून आगगाडी जात होती. नवरा ऊसतोडीला अमेरिकेत गेला आणि तिकडंच दुसरा संसार मांडून बसला. त्यावर मिस झेल्मा एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, त्याला माझ्या हातचं कधी कळलंच नाही." मांडीवर लहान मार्वा होती. त्यांनी बिडाचं पातेलं डोक्यावर घेतलं, स्टेशनावर चूल मांडली आणि गाडीतल्या लोकांना खिडकीतून भात आणि कोंबडीचा रस्सा विकायला लागल्या. पुढं गाडी बंद झाली. लोक म्हणाले, आता झेल्मा परत डोंगरात जाणार. त्या म्हणाल्या, "गाडी बंद झाली, भूक नाही." आणि पातेलं उचलून माझ्या दुकानाशेजारी आल्या. एका वादळात छप्पर उडालं, तर पुढच्या रविवारी उघड्या आभाळाखाली जेवणं वाढली. आत मेणकापडाची पाच टेबलं आहेत. खिडकीजवळचं माझं. तसं कोणी ठरवलेलं नाही, पण तिथं दुसरं कोणी बसत नाही.

मार्वा शिकली, नर्स झाली, टोरांटोला गेली. दरवर्षी येते आणि दरवर्षी आईला तेच सांगते, माझ्याबरोबर चल. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी ती आली तेव्हा आईला बारकाईनं बघत होती. मिस झेल्मा साखरेच्या डब्याऐवजी मिठाचा डबा उचलत, मग वास घेऊन परत ठेवत. रस्त्यापलीकडून कोणी हात केला, तर आवाज ऐकल्यावर हात करत. मी हे आधीपासून बघत होतो. पण मिस झेल्मांना "तुम्हांला दिसत नाही" असं सांगणारा माणूस आमच्या गावात नव्हता.

मार्वानं शनिवारी सांगितलं. भर खाणावळीत.

"आई, तुला दिसत नाही. एक दिवस हात भाजून घेशील. चल माझ्याबरोबर. पुरे झालं हे."

"मला दिसत नाही? तुझ्या ब्लाउजला काय डाग पडलाय ते इथून सांगू?"

"डाग नाहीये, आई. ते फूल आहे. छापलेलं."

टेबलावर डॉमिनो खेळणाऱ्यांत हशा पिकला. मिस झेल्मांनी पातेल्याचं झाकण असं आपटलं की सोंगट्या उडाल्या.

"ऐका सगळ्यांनी! ज्या दिवशी माझ्या पातेल्यात मिरची फुटेल, त्या दिवशी हा ॲप्रन खिळ्याला टांगीन आणि हिच्याबरोबर विमानात बसेन. त्याच्या आधी हिनं आणि तुम्ही कोणी माझ्या डोळ्यांचं नाव काढायचं नाही."

"शब्द?" मार्वानं विचारलं.

"शब्द. आणि हे सगळे साक्षी."

बसचा ड्रायव्हर डेलरॉय तिथं होता. दाराला आडवा उभा राहिला तर उजेड बंद होईल एवढा त्याचा देह, म्हणून गाव त्याला बारक्या म्हणतं. तो म्हणाला, "मार्वा, तू एकटीच जाणार बघ. ती मिरची फुटायची नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार.

चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसतो आणि शेवटचं गाणं सुरू झालं की निघतो, म्हणजे दारात कोणाशी बोलावं लागत नाही. त्या दिवशीही तसाच येऊन खिडकीजवळ बसलो. मिस झेल्मांनी बशी पुसून तयार ठेवली होती. झाकण उचललं आणि वाफ वर आली.

मला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं.

मिस झेल्मा हलल्या नाहीत. मग त्यांनी दोन बोटांनी देठ धरला आणि उचलला. हातात नुसता देठ आला.

त्यांनी चमच्यानं भाताच्या वरचा थर चाचपला, आणि मिरचीचं चपटं झालेलं साल, बिया गळालेलं, बाहेर काढलं. आत दुसरं कोणी नव्हतं. चर्चमधलं गाणं अजून ऐकू येत होतं.

"इंच," त्या म्हणाल्या. गावात माझं नाव तेच. "पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग खोकत बसू नका. बशी द्या इकडं."

मला एरवी असलं काही सुचत नाही, पण तेव्हा सुचलं. टोपलीत मिरच्या होत्या. म्हणालो, "मिस झेल्मा, एक दुसरी उकडून ठेवा बशीत. कोणाला कळणार?"

"जीभ आहे ना प्रत्येकाला. आणि मला कळलंय त्याचं काय?"

त्यांनी ती फुटकी मिरची बशीत ठेवली, बाजूला देठ ठेवला, आणि बशी खिडकीत, नेहमीच्या जागी. मग कंबरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

लोक आले. पुढं चर्चचे वडीलधारे डीकन मुईर, मागं बारक्या, मागं बाकीचे. बशीपाशी येऊन रांग थांबली.

"बघून घ्या," मिस झेल्मा म्हणाल्या. "फुटलीय. भात जाळणार आहे. ज्याला नको असेल त्यानं कोपऱ्यावरून पाव घ्यावा, मला राग नाही. ज्याला हवा त्यानं बसावं. रडला तर मी डोळे पुसायला येणार नाही."

डीकन मुईर सत्तरी ओलांडलेले, पोटाचं पथ्य असलेले. त्यांनी टोपी काढली आणि आत जाऊन बसले. मग सगळेच बसले.

राजमा-भात आला, बैलाच्या शेपटीचं दाट कालवण आलं, पिकल्या राजेळी केळ्याचे तळलेले काप आले. लोकांनी घास घेतला आणि खाणावळ शांत झाली. फक्त नाकं ओढल्याचे आवाज. मीही खाल्ला. पहिल्या घासाला कान गरम झाले, दुसऱ्याला कोटाच्या आत घाम सुटला. तो कोट मी स्वतः शिवला होता, रविवारसाठी. काढून ठेवला.

"कसा आहे?" मिस झेल्मांनी विचारलं.

बारक्याच्या गालांवरून धारा लागल्या होत्या. "मिस झेल्मा," तो म्हणाला, "मला तर काही वेगळं लागत नाही. जरा मीठ कमी आहे, इतकंच."

"मग रडतोस कशाला?"

"आजीची आठवण आली."

"तुझी आजी समोर बसलीय, मेल्या!"

आजीनं मान हलवली. तिच्याही नाकातून पाणी येत होतं, पण हातातला काटा-चमचा थांबला नव्हता.

"डीकन, तुम्ही सांगा. तुम्ही तरी खरं बोलाल."

डीकन मुईरांनी गाजराचा रस एका दमात संपवला, रुमालानं डोकं पुसलं. "आज पाद्रीसाहेबांनी नरकावर उपदेश केला," ते म्हणाले. "मला तो जरा कोमट वाटला. त्यांनी आधी इथं जेवून जायला हवं होतं." मग ताट पुढं केलं. "थोडा आणखी वाढा."

"चर्चची पायरी उतरून अजून बूट तापले नाहीत आणि सगळे खोटं बोलताय!" मिस झेल्मा ओरडल्या. पण त्यांनी वाढलं. एकही ताट परत आलं नाही.

एवढ्यात मार्वा आली. चर्चमध्ये जुन्या मैत्रिणींनी तिला अडवलं होतं. खिडकीशी आली आणि बशी बघून थांबली. आतले सगळे तिच्याकडे बघायला लागले. बारक्याचा घास तोंडापर्यंत गेला होता, तो तिथंच राहिला.

मिस झेल्मांनी तिला एक ताट वाढून माझ्या समोर ठेवलं. "बस. आधी जेव."

मार्वा बसली. एक घास खाल्ला, खोकली, पाणी प्यायली. मग मान वर करून एकेकाकडं बघायला लागली. डीकनांचा ओला रुमाल. बारक्याची आजी. बाहेर पायरीवर ताट मांडीवर घेऊन बसलेली माणसं, फुंकर घालत, नाक पुसत, आणि खात. ती बराच वेळ बघत होती.

मिस झेल्मांनी पाठीमागं हात नेला आणि ॲप्रनची गाठ सोडली. ॲप्रन झटकला, नीट घडी केली आणि खिळ्याला टांगला. ॲप्रनशिवाय मी त्यांना तिथं कधी पाहिलं नव्हतं. अंगावरचा झगा मीच शिवलेला होता, पण तो पुढून कसा दिसतो हे त्या दिवशी कळलं.

"मार्वा," त्या म्हणाल्या, "शब्द दिला होता. विमान कधीचं आहे?"

आवाज नेहमीचाच होता, सगळ्या टेबलांना ऐकू जाणारा. हात मात्र कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

मार्वा उठली. आईकडं नाही गेली, खिडकीकडं गेली. बशीतली ती फुटकी मिरची चिमटीत उचलली, तोंडात टाकली आणि चावली.

"अगं!" बारक्या ओरडला. "त्यानं माणूस मरतो!"

मार्वानं गिळली. पुढचा काही वेळ तिला बोलता येईना. भिंतीला हात टेकून ती उभी राहिली, डोळे मिटून, तोंडानं हवा ओढत. मिस झेल्मांनी आटीव दुधाचा डबा फोडला, तिची हनुवटी धरली आणि लहानपणी औषध पाजत तसं चमच्या-चमच्यानं दूध तिच्या जिभेवर सोडायला लागल्या.

"खुळी कार्टी! तिकडं राहून जीभ मेणाची झालीय तुझी, आणि चालली मिरची खायला!"

"कुठली मिरची?" मार्वा कशीबशी म्हणाली. "मला नाही दिसली. इथं कोणाला दिसली का?"

"कुठली मिरची?" डीकन मुईर म्हणाले.

"मला तर फक्त बशी दिसतेय," बारक्याची आजी म्हणाली. "आणि बशीला टवका आहे."

मिस झेल्मा हसल्या नाहीत. मार्वाच्या हनुवटीवरचं दूध त्यांनी अंगठ्यानं पुसलं.

"शब्द मी तुला दिला होता," त्या म्हणाल्या. "तो मागायचा हक्क तुझा. तू गिळून टाकलास, तर मी कोण त्याला परत बोलावणारी?" मग जरा थांबून, पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "देठापाशी चीर असणार. मी सकाळी बोटानं चाचपली, बोटाला लागली नाही. पूर्वी मी बघत असे. हल्ली नुसती चाचपते."

"मोतीबिंदू आहे, आई," मार्वा म्हणाली. "साधं ऑपरेशन असतं. किंग्स्टनला करून घेऊ. मी थांबते तोवर."

"आणि मग?"

"मग काय? मग मला डाग आणि फूल वेगळं ओळखून दाखव."

मिस झेल्मांनी खिळ्याकडं हात केला. ॲप्रन मार्वानंच काढला आणि आईच्या पाठीशी जाऊन गाठ मारली. गाठ फार घट्ट झाली, हे मिस झेल्मांनी लगेच सांगितलं, आणि बारक्याला विचारलं की तो अजून ताट घेऊन का बसलाय.

"तिसऱ्यांदा वाढाल का, म्हणून."

"आजी आठवली वाटतं पुन्हा?"

ऑपरेशन झालं. खाणावळ काही रविवार बंद होती, आणि त्या रविवारी आम्ही लोक चर्चबाहेर कारण नसताना उभे राहत होतो. मग एका रविवारी बशी आली. मिरची अख्खी होती. मार्वा तोवर परत गेली होती. तिनं फोनवरून विचारलं, तेव्हा मिस झेल्मांनी तिला मिरचीचा फोटो पाठवायला मला सांगितलं. तो मी काढला, जरा हलला.

डोळे उघडल्यावर मिस झेल्मांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाल्या, "इंच, तुम्ही म्हातारे झालात हो! आणि ही कॉलर वाकडी आहे. अशी कॉलर घालून तुम्ही लोकांचे कपडे शिवता?"

आता त्यांना सुईत दोरा ओवता येतो, मला येत नाही. तरी दर रविवारी सकाळी फळ्यांच्या भिंतीवर दोन थापा पडतात आणि तीन मिरच्या माझ्या कापड बेतायच्या टेबलावर येतात. मी शिवणीचं भिंग घेतो, एकेक मिरची खिडकीच्या उजेडात धरतो, देठापाशी फिरवून बघतो आणि एक परत देतो. त्या ती घेतात, स्वतः पुन्हा तपासतात आणि म्हणतात, "हीच मीही निवडली असती."