दाराशी सपाट अंगण

चिखले, मे २०१६, शेवटचा रविवार. हजर: मी, नवरा आणि रानशेतचा गवंडी. गैरहजर: सासूबाई. त्या कुंपणापलीकडे धाकट्या जावेच्या अंगणात सुकी सुकट निवडत बसल्या होत्या.

जावेने आदल्या वर्षी दारासमोरच्या पायऱ्या काढून भराव घातला आणि घरातल्या फरशीच्या पातळीला लादी बसवली. सासूबाईंचा गुडघा दुखतो. आमच्या दोन पायऱ्या उतरताना त्या दाराची चौकट धरून उभ्या राहत. तिथे मात्र खोलीतून अंगणात सरळ चालत जात. जेवण माझ्याकडे, झोपणं माझ्याकडे, पण दिवसभर बसणं आणि हसणं तिकडे. ते हसू माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येई. मला तसंच अंगण हवं होतं. तसंच नव्हे, हातभर मोठं.

गवंड्याने पातळी बघायला पाणी भरलेली नळी दारापासून कोपऱ्यापर्यंत धरली. आमचं दार समुद्राकडे, पाऊस थेट तोंडावर येतो.

"बाई, अंगण दाराबरोबर केलं तर पाणी घरात शिरणार. उतार बाहेरच्या बाजूला देतो, दाराशी चर काढून वर लोखंडी जाळी टाकतो. पण चराचं पाणी सोडायचं कुठे?"

"शोषखड्डा करू," मी म्हणाले.

तो हसला. "इथे पावसाळ्यात हातभर खणलं की खालूनच पाणी वर येतं. तो खड्डा काय शोषणार?"

मागे रस्त्याचा उंच भराव. उतार एकाच बाजूला, जावेच्या वाडीतून ओढ्याकडे. तेवढ्यात ती कुंपणाशी आलीच.

"ताई, आमच्यासारखंच करताय वाटतं? पाणी कुठे सोडणार ते सांगा हं, म्हणजे नारळांमधून पाइपाला जागा ठेवते."

"आमचं आम्ही बघू," मी म्हणाले.

गवंड्याने नळी गुंडाळायला घेतली.

तरी अंगण झालं. लादी तिच्यापेक्षा चांगली आणली, उंबरगावहून. सासूबाई चालत बाहेर आल्या, चरावरची जाळी पायाने चाचपली आणि म्हणाल्या, "गो, ह्या भोकांतून जवळा खाली पडेल. मी वाळवायचा कुठे?" जावेच्या दाराशी जाळीच नाही, तिचं दार वाऱ्याच्या आड आहे. मी लोखंडी जाळीवर डासांची बारीक जाळी ताणून बसवली. त्यांनी दोन सूप जवळा पसरला. चार दिवस त्या माझ्या दारात बसल्या. त्या चार दिवसांत मी कुंपणाकडे मुद्दाम जास्त वेळा बघितलं.

मग पाऊस लागला. बारीक जाळीवर जवळ्याचा भुसा बसला, तो मी खरवडून काढला. तरी चर भरून वाहू लागला, कारण पाइप कुंपणापर्यंतच गेला होता. दाराशी गोणपाटं, हातात टमरेल, सासूबाई खाटेवर पाय वर घेऊन. मी तासभर पाणी उपसलं. पलीकडे जावेची लादी धुऊन चकाकत होती, पाणी कुठेच साचलं नव्हतं.

"जा, विचार तिला," सासूबाई म्हणाल्या. "तीही माझी सूनच आहे. नाही म्हणायची नाही."

ते मला ठाऊक होतं. ती हसून हो म्हणेल, स्वतः कुदळ घेऊन येईल आणि सासूबाईंना दिवसभर सांगायला एक गोष्ट मिळेल.

तेव्हापासून दर वैशाखात मी पावसाळ्याआधीच्या कामांची यादी करून ती उरकते. कौलं शाकारली, लाकडं आत घेतली, चर साफ केला, जाळी धुतली, गोणपाटं वाळवून दाराशी रचली. २०१९च्या वैशाखातही यादीतल्या ह्या सगळ्यांवर खूण केली. सासूबाई पाऊस लागला की तिच्याकडे राहायला जातात, चार महिने.

जावेला पाइपाचं विचारायचं तेवढं राहिलं आहे.