गाडीला आज वेगळं काय केलंत?

मृणाल, अशी जवळ सरक. तू खराडीत बसली आहेस, म्हणून कागदावरूनच कान धरते. वारज्याचा गॅरेजवाला म्हणाला, "इंजिन गेलं, व्हॅन भंगारात काढा," आणि तू मान डोलावलीस? आत्या सैन्यात होती हे निदान आठवायचं तरी! काल चालणारी गाडी आज बंद पडली, तर आधी एक प्रश्न विचारायचा असतो. तो मी कुठे शिकले ते ऐक, आणि मग भंगाराच्या कागदावर काय ती सही कर.

ऐंशीच्या सुमाराला मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. पोस्टिंग पुण्यातच. हॉस्पिटलच्या जुन्या ॲम्ब्युलन्स व्हॅनवर ड्रायव्हर होते नाईक इब्राहिम शेख. तेही पुण्याचेच, वडिलांचं कुलपं दुरुस्तीचं दुकान. सकाळी ०६०० ला फर्स्ट परेड व्हायची. माणसांची नव्हे, गाड्यांची. तेल, पाणी, बॅटरी, टायर तपासल्याशिवाय चावी फिरवायची नाही. ड्यूटीच्या आधी मी चहाचा मग घेऊन तिथे जाऊन उभी राहायची. गाडीचं माझं शिक्षण तेवढंच.

"चावी फिरवल्यावर नुसतं टिक टिक वाजलं, तर आधी बॅटरीची टोकं बघा," इब्राहिम सांगायचे. "निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा धूर थांबतच नसेल, तर पाणी आत चाललंय."

इंजिनात आवाज नेमका कुठे येतो ते मी स्टेथोस्कोप लावून शोधायची. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. "सिस्टर, इंजेक्शन कुठे देणार?"

"हसणाऱ्याला," मी म्हणायची.

सिंहगड रस्त्याच्या पुढे एक ट्रेनिंग कॅम्प होता. एक दिवस आमची व्हॅन तिथे मेडिकल कव्हरला होती. १३४० ला एक लान्स नाईक अडथळ्याच्या भिंतीवरून पडला. पोट फळीसारखं कडक, नाडी एकशेतीस. आत रक्तस्राव चालू होता. सलाईन लावलं, ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला निरोप दिला आणि १३५२ ला निघालो. गाडी सुरुवातीपासूनच ठसकत होती. स्वारगेट तुंबलेलं, म्हणून इब्राहिमनी मार्केट यार्डाकडून घेतली. १४१५ ला तिथेच, टेम्पो आणि हातगाड्यांच्या मधोमध, ती बंद पडली.

इब्राहिम एका आडत्याच्या गाळ्यातून फोन करून आले.

"मॅडम, ड्यूटी ऑफिसरचा हुकूम. रिकव्हरी गाडी निघतेय. चाळीस मिनिटं. तोवर इंजिनाला कुणी हात लावायचा नाही."

"नाडी एकशेचाळीस झालीय. चाळीस मिनिटं यांच्याकडे नाहीत."

"हुकूम आहे, मॅडम."

"ऐकला. जबाबदारी माझी. झाकण उघडा."

शेजारी कांद्याचा ट्रक उभा होता. हमालांना तो रिकामा करायला सांगितला. दहा मिनिटांत गाडी सुरू झाली नाही, तर पेशंट ट्रकमधून नेणार होते.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे, झाकणाखाली. एक हात पेशंटच्या मनगटावर ठेवून मला ते दिसत होतं. स्टार्टर जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. पेट्रोलचा वास नाकात जात होता, म्हणजे पेट्रोलही पोचत होतं.

"पेट्रोल ओढणारा पंपच गेलाय," इब्राहिम म्हणाले. "मी ओळखतो हिला."

न तपासता बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मग वॉर्डात येणाऱ्या प्रत्येकाला विचारते तेच त्यांना विचारलं.

"आज हिला वेगळं काय केलंत?"

"काही नाही."

"इब्राहिम."

त्यांनी मान खाली घातली. "उद्या कॅम्पात इन्स्पेक्शन. सगळ्यांची इंजिनं चकाचक. माझंच मळकं दिसत होतं. जेवायच्या आधी पाण्याचा पाइप मारला."

प्लगांना करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. आत पाण्याचे थेंब. प्लगपर्यंत करंट जाणार कसा? मी गॉझवर स्पिरिट घेऊन टोपण आतून पुसलं, मग कोरड्या गॉझने पुन्हा पुसलं, आणि स्पिरिट उडून जावं म्हणून साठ आकडे मोजले. एक हमाल खिडकीतून डोकावला. "बाई, गाडी दुरुस्त करताय का ऑपरेशन?"

"दोन्ही. बाजूला व्हा."

१४२४ ला इंजिन सुरू झालं. १४३९ ला पेशंट थिएटरमध्ये. तो वाचला.

दुसऱ्या दिवशी ११०० ला ड्यूटी ऑफिसर कॅप्टनसाहेबांपुढे उभी राहिले.

"तुम्हाला हुकूम मिळाला होता?"

"होय सर."

"मग?"

"सर, पुन्हा अशी वेळ आली, तर पुन्हा झाकण उघडेन."

लेखी समज मिळाली. ती अजून कपाटात आहे, आल्यावर दाखवते. मी पाइपचा उल्लेख केला नव्हता. पण संध्याकाळी कळलं, इब्राहिमनी गाडीच्या लॉगबुकात स्वतःच लिहिलं होतं, "इंजिन पाण्याने धुतलं. चूक माझी." त्या दिवसापासून फर्स्ट परेडला ते माझ्याकडून कोरड्या गॉझची एक पट्टी मागून घ्यायचे आणि टोपण पुसायचे.

दोन वर्षांनी त्यांची बदली डोंगरात झाली. तिथे एका रस्त्यावर दरड कोसळत होती. पहिल्या खेपेत त्यांनी चार जखमी खाली आणले. दुसऱ्या खेपेला थांबायला सांगितलं होतं, तरी ते वर गेले. गाडी बंद पडली नाही. दरड गाडीवर आली.

त्यांचं सामान पुण्याला आलं, तेव्हा त्यांच्या बायकोने मला बोलावून घेतलं. हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली, गॉझच्या सात पट्ट्या होत्या, घडी घातलेल्या. "हे काय असतं?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने एक पट्टी मला दिली, सहा स्वतःकडे ठेवल्या.

तेव्हा त्या गॅरेजवाल्याला सांग, आत्याने बघितल्याशिवाय व्हॅन कुठेही जाणार नाही. आणि रविवारी ये. व्हॅन घेऊनच ये, दोरी बांधून ओढत आणलीस तरी चालेल. फक्त धुऊन आणू नकोस.