वरचा पाव फेरा

त्याला सगळे सव्वा म्हणत. बोल्ट आवळून पुरता बसला, की दुसरा मिस्त्री पाना खाली ठेवतो. हा ठेवत नसे. क्षणभर श्वास धरायचा आणि वर आणखी पाव फेरा द्यायचा. "एक फेरा बोल्टचा, वरचा पाव माझा," म्हणायचा. पंचवीस वर्षांत त्यानं आवळलेला एकही बोल्ट रस्त्यात सुटून पडला नाही, याचा त्याला अभिमान होता आणि तो त्यानं कधी लपवला नाही. गल्लीतले गमतीनं म्हणत, सव्वानं डब्याचं झाकण लावलं की त्या दिवशी घरातलं माणूस उपाशी.

उताराच्या रस्त्यावर, पत्र्याच्या छपराखाली त्याचं गॅरेज होतं. गॅरेजच्या डोक्यावर एक खोली आणि तिला बाहेरून लोखंडी जिना. त्या खोलीत त्याचा धाकटा भाऊ राहायचा. धाकटा इस्पितळाच्या धुण्याची गाडी चालवायचा. सकाळी मळलेल्या चादरी न्यायच्या, दुपारी धुतलेल्या पोचवायच्या. दर रविवारी ती गाडी गॅरेजपुढे उभी राही आणि सव्वा तिचं सगळं तपासून, आवळून देई. जिन्यावर धाकट्याची पावलं न बघता ओळखू येत. एक ठाम, एक ओढत.

त्या ओढत्या पावलाचं मूळ गॅरेजच्या कोपऱ्यात, जुन्या पलंगपोसाखाली झाकलेलं होतं. ट्रायल्सची मोटरसायकल. तिला सीट नसते. तिच्यावर उभं राहून जायचं, खडकांवरून, ओंडक्यांवरून, माणूस चालेल त्याहूनही हळू. शर्यत वेगाची नाही, तोलाची. पाय जमिनीला लागला की गुण गेले. धाकटा तिच्यावर उभा राहिला की बघणाऱ्यालाही आपण हलके झाल्यासारखं वाटायचं. सव्वा मात्र त्याच्याकडे बघत नसे. तो पुढच्या फोर्ककडे बघे. चाकाच्या दोन बाजूंच्या त्या दोन नळ्या, धक्का बसला की दबतात आणि लगेच वर येतात. त्या आपण लावल्यात, एवढं त्याला पुरे होई.

पाच वर्षांपूर्वी एका खडकावरून उतरताना नळ्या दबल्या आणि वर आल्याच नाहीत. धाकटा हँडलवरून पुढे फेकला गेला. गुडघा कामातून गेला. तीन महिन्यांनी तो पुन्हा गाडीवर चढला आणि म्हणाला, "दादा, पुढचं अडकतंय."

सव्वानं फोर्क उघडला. तेल बदललं, सील बदलले, सगळं जागच्या जागी लावून वरचा पाव फेरा दिला.

"अजून अडकतंय," धाकटा म्हणाला.

गॅरेजात दोन गिऱ्हाइकं बसली होती. सव्वाला ते झोंबलं. "मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "अडकतंय ते तुझं मन."

गिऱ्हाइकं हसली. धाकटाही हसला. पुढच्या स्पर्धेत तो खडकाच्या पायथ्याशी पोचला आणि थांबला. सगळे बघत असताना त्यानं दोन्ही पाय जमिनीला टेकले, गाडी वळवली आणि ढकलत घरी आणली. कुणीतरी मागून कोंबडीचा आवाज काढला. नंतर महिन्याभरात तो चादरींच्या गाडीवर लागला, आणि घरात तो विषय कुणी काढला नाही.

यंदा धाकटाच म्हणाला, "विकून टाक. जागा अडते." शाळेत खेळ शिकवणाऱ्या एक बाई गाडी बघायला आल्या. त्यांनी फारसं विचारलं नाही. पुढचा ब्रेक दाबून धरला, हँडलवर भार टाकला, सोडला.

"मिस्त्री, हे अडकतंय."

"पाच वर्षं उभी आहे, बाई. सुकली असेल."

"मग ओली करा. मी शुक्रवारी येते."

तोच शब्द पाच वर्षांनी परक्या तोंडून ऐकताना सव्वाला राग आला, आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी हललं.

बुधवारी त्यानं फोर्क सोडवला. दोन्ही नळ्या काचेच्या तावदानावर घरंगळवून पाहिल्या. वाकडी नळी काचेवर ठेचकाळत जाते. या मुकाट, पाण्यासारख्या गेल्या. तेल, सील सगळं नवं घातलं. गाडी स्टँडवर होती, चाक अधांतरी होतं. त्यानं सगळं आवळलं, वरचा पाव फेरा दिला, गाडी खाली घेतली आणि दाबली. ती दबली आणि तशीच राहिली, मान खाली घालून उभ्या राहिलेल्या माणसासारखी.

दुपारभर तो तिच्यासमोर पिंपावर बसून होता. मग काय वाटलं कोण जाणे, गाडी जमिनीवर असतानाच, चाकाच्या अ‍ॅक्सलला, म्हणजे मधल्या दांड्याला, नळीच्या टोकाशी पकडून धरणारा खालचा बोल्ट त्यानं सैल केला. डावा हात नळीवर होता. बोल्ट सुटला आणि नळी त्याच्या तळहाताखाली सरकली. तांदळाच्या दाण्याएवढी. जेमतेम.

त्यानं ब्रेक धरला आणि हँडल दाबलं. फोर्क गेला, आला. पुन्हा गेला, आला. लोण्यातून सुरी जावी तसा.

म्हणजे एवढंच होतं. चाक लावल्यावर गाडी जमिनीवर घ्यायची, चार वेळा दाबायची, नळीला अ‍ॅक्सलवर आपली जागा घेऊ द्यायची, मग हा बोल्ट आवळायचा. सव्वानं तिला कधी जागा घेऊच दिली नव्हती. स्टँडवरच, दोन्ही नळ्या आत ओढलेल्या असताना, तो गच्च आवळून मोकळा व्हायचा. पडण्याआधीही, जेव्हा नशिबानं निभावत होतं, आणि धाकट्यानं सांगितल्यावरही. आता त्यानं बोल्ट बेतानं आवळला. पाव फेऱ्याला हात सवयीनं निघाला आणि मध्येच थांबला.

रात्री तो अर्ध्या जेवणावरून उठायला लागला, तेव्हा बायकोनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं.

"त्याला सांगून कुणाचं भलं होणार आहे?" ती म्हणाली. "त्याचं बस्तान बसलंय."

"बसलं नाही. मी बसवलंय."

"मग आता उठवू नका."

गुरुवारी धाकटा कामावरून आला, तसा सव्वा जिना चढला. धाकटा उद्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होता.

"ये दादा. वहिनीनं बोलावलंय?"

"नाही. तो फोर्क अडकत होता."

"हे मी पाच वर्षांपूर्वी म्हणालो होतो."

"माझ्यामुळे अडकत होता." सव्वानं खालच्या बोल्टचं सगळं सांगितलं. सांगायला मिनिटभर वेळ लागला. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढाच वेळ लागावा याची त्याला लाज वाटली.

इस्त्री कॉलरवर थांबली होती.

"उचल, जळेल."

धाकट्यानं ती उचलून उभी ठेवली. "म्हणजे मी भ्यालो नव्हतो."

"नव्हतास."

"दादा, मी भित्रा आहे असं धरून सगळं लावलं रे मी. ही नोकरी धरली. ती सोयरीक आली, तिला नाही म्हणालो. कुठं पुढं व्हायचं झालं की म्हणायचो, आपलं ते काम नाही. आता हे सगळं कशाच्या आधारावर ठेवू?"

सव्वा दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला.

"नसतं सांगितलंस तरी चाललं असतं," धाकटा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुला हलकं वाटलं असेल."

"नाही वाटलं."

"मग दोघांचंही नुकसान," असं म्हणून त्यानं सदरा पुन्हा पसरला.

शुक्रवारी बाई यायच्या वेळी धाकटा खाली आला. त्यानं ब्रेक धरून फोर्क दाबला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जोरात. कान देऊन ऐकत होता. उभं राहायच्या खुंटीवर त्यानं दुखरा पाय ठेवला आणि काढून घेतला. मग स्वतःच गाडी फळीवरून बाईंच्या टेम्पोत चढवली.

"कधी चाक काढलंत तर हा खालचा बोल्ट सगळ्यांत शेवटी," तो बाईंना म्हणाला. "आधी दाबायचं, मग आवळायचं."

"छान माहिती आहे तुम्हाला. कुणी शिकवलं?"

"दादानं," धाकटा म्हणाला, आणि सव्वाकडे न बघता जिना चढून गेला.

बोलणं तुटलं नाही. दादा म्हणणंही तसंच राहिलं. पण त्या रविवारी चादरींची गाडी गॅरेजपुढे थांबली नाही, पुढच्याही रविवारी नाही. पलीकडच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे जाते, असं बायकोच्या कानावर आलं. लोक अजून सव्वाच म्हणतात. गिऱ्हाइकानं "अडकतंय" म्हटलं की तो गुडघ्यावर बसतो आणि कुठं ते गिऱ्हाईक दाखवेपर्यंत बघत राहतो.

सकाळी चादरींची गाडी उतारावरून जाते तेव्हा त्याच्या हातातलं काम थांबतं. मागच्या दाराची कडी सैल झाली आहे, खडखडते. वळणापर्यंत तो आवाज ऐकू येतो. पाव फेऱ्याचं काम आहे.