बिनफोडणीचं वरण

नव्वदच्या दशकात, अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या घरात, नवरा गेला तेव्हा मी सुतक पाळलं नाही. वडिलांनी धम्म स्वीकारल्यापासून सुतक-सोवळं आमच्या घरातून हद्दपार होतं. एका काकूंनी फोनवर सांगितलं, इतक्यात फोडणी देऊ नकोस, तर मी त्यांना चांगलंच सुनावलं. आणि तरी बर्फ वितळून उन्हाळा लागेपर्यंत माझ्या वरणाला फोडणी नव्हती. शिजवायचं, मीठ घालायचं, गिळायचं.

शेजारी तैवानहून आलेले एक निवृत्त शिक्षक राहायचे. त्यांचीही बायको वारलेली. एका संध्याकाळी ते विचारायला आले, तुमच्या घरचा वास का बंद झाला. मला तो टोमणाच वाटला. आमच्या वासावर बोलणारे इथे कमी भेटले नव्हते. पण ते मान खाली घालून उभे होते, म्हणून आत बोलावलं.

चहा घेताना त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील कन्फ्यूशियन वळणाचे. शोकात जेवण गोड लागलं तर तो शोक कसला, असं मानणारे. त्याच रीतीने यांनी बायकोमागे गाणं सोडलं, मांस सोडलं. फक्त संध्याकाळी कुंपणाशी माझ्या फोडणीचा वास घ्यायचे आणि चोरासारखे घरात शिरायचे. आई मात्र ताओ मानणारी. सुखाला बोलवू नये, आलं तर अडवू नये, असं म्हणायची.

"आता मला आईचं ऐकायचंय," ते म्हणाले. "तुम्ही का थांबवलंत?"

सुतक नाही, असं मी ठणकावून सांगितलं. मग खरं कारण तोंडून निघून गेलं. तेलात मिरची पडली की आतल्या खोलीत नवऱ्याला ठसका लागायचा आणि तो तिथूनच माझ्या नावाने शंख करायचा. मी फोडणी दिली आणि ठसका आला नाही, तर तो गेला हे नक्की होणार होतं. दिलीच नाही, तोवर तो आत होता. मला त्याची चाहूल लागायची. भीती वाटायची, आणि त्याने जाऊ नये असंही वाटायचं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, वडिलांचंही एक पटतं, सुख एकट्याने घ्यायचं नसतं.

मी तेल तापवलं. मोहरी तडतडली, लसूण, मिरची पडली. आम्ही दोघंही आतल्या दाराकडे बघत राहिलो. कुणी खोकलं नाही. मला रडू फुटलं आणि त्याच क्षणी तोंडाला पाणी सुटलं. स्वतःचा असा राग आला!

दोन ताटं वाढली. मग त्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन मी म्हणाले, "मला भूक लागलीय रे. मी जेवते."

आणि दार ओढून घेतलं.