व्हॅनच्या पायपातली हवा

व्हॅनचं जुनं इंजिन बसलं तेव्हा घरात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही, आणि मला राग आला तो त्याचाच. मखमलाबादच्या पुढे आमचा मळा. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर आणि थोडी शेवंती घेऊन मी रोज सकाळी नाशिक रोडच्या कॉलन्यांमध्ये जायचे. तिथल्या बायका माझी वाट बघायच्या आणि भाव माझा मी सांगायचे. दीर म्हणाले, "वहिनी, देऊन टाका भंगारात. माल व्यापारी बांधावरनंच उचलतो ना." म्हणजे मी दिवसभर खुरपं धरायचं आणि भाव व्यापाऱ्याने सांगायचा. मी म्हटलं, इंजिन बदलू, पण व्हॅन जाणार नाही. नवरा मध्ये पडला नाही. तो कधीच पडत नाही.

पंचवटीतल्या एका मिस्त्रीने दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून दिलं. जुन्यापेक्षा मोठं, उंचीलाही जास्त. मी विचारलं, "इंजिन मोठं, मग रेडिएटर तोच कसा पुरेल?" तो म्हणाला, "ताई, तुम्ही भाजी बघा, गाडीचं मी बघतो." तेव्हाच त्याला चार शब्द सुनवायला हवे होते. गप्प बसले, चुकलंच माझं.

तिसऱ्या दिवशी द्वारका चौकाच्या गर्दीत इंजिन तापलं. आमच्या व्हॅनचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली, त्यामुळे आधी बूड भाजलं आणि मग काटा लालमध्ये गेलेला दिसला. मागून हॉर्न, पुढून पोलिसाची शिट्टी, आणि मागच्या पाट्यांत मेथीने माना टाकलेल्या. ट्रॅक्टरला बांधून व्हॅन घरी आणली तर दीर ओट्यावरूनच म्हणाले, "आली का वरात?"

मग मिस्त्रीचे उपाय सुरू झाले. मोठा रेडिएटर टाकला. पंखा बदलला. पाणी तापेपर्यंत अडवून धरणारा व्हॉल्व्ह असतो, तो काढूनच फेकला. दर वेळी "आता बघा ताई" आणि दर वेळी मी रस्त्याच्या कडेला, हातात पाण्याचा कॅन. रेडिएटरचं झाकण उघडावं तर पाणी काठोकाठ. पाणी भरलेलं आहे, तरी गाडी तापते, हे कुणाला सांगणार? डोकं नुसतं भणभणायचं. त्यात एका कॉलनीतल्या बाईंचा फोन आला, "येणार नसाल तर आधी सांगत जा, दुसरीकडे लावून घेऊ." त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. दिरांनी त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला रविवारचं बोलावणं धाडलं.

शनिवारी मिस्त्रीने शेवटचा उपाय सांगितला. हीटर चालू ठेवा, इंजिनाची उष्णता तो ओढून घेतो. मे महिन्याच्या उन्हात हीटर! तरी लावला. काटा लालकडे चढत होता आणि हीटरमधून हवा येत होती गार. घरी येऊन मी चावी आपटली आणि ओरडलेच, की हीटरसुद्धा धड नाही मेला.

सासरे ठिबकच्या नळ्या गुंडाळत बसले होते. गाडीतलं त्यांना काडीचं कळत नाही. ते म्हणाले, "इंजिन तापलंय आन् हवा गार? मग तिथवर पानी पोचलंच नाय. हवा धरलीय पायपात."

मी जागच्या जागी उभी राहिले. विहिरीपासून वरच्या वावरापर्यंतची पाइपलाइन याच घराने टाकली आहे. चढावर हवा अडकते म्हणून तिथे एअर व्हॉल्व्ह बसवायला मीच पान्हा धरला होता. नवं इंजिन रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच. पाणी खाली भरलेलं, वर नुसती हवा. आणि आम्ही सगळे, जन्मभर पाणी चढवणारे, त्याच झाकणातून रोज डोकावून पाणी भरलंय म्हणत होतो. मिस्त्रीचं सोडा, मला माझीच लाज वाटली.

रेडिएटर व्हॅनच्या नाकाशी, म्हणून पुढची चाकं बांधावर चढवली, म्हणजे झाकण सगळ्यांत वर आलं. ते उघडून इंजिन चालू ठेवलं. बुडबुडे येत राहिले, पाणी खाली जात राहिलं, मी ओतत राहिले. तीन तांबे पाणी मावलं. मग हीटरने अशी गरम हवा सोडली की मी त्या झळांपुढे तोंड धरून बसले.

रविवारी नाशिक रोडला जाऊन आले. द्वारकेला अर्धा तास अडकूनही काटा मध्यावरून हलला नाही. भंगारवाल्याला सासऱ्यांनी चहा पाजून परत लावून दिलं होतं. मी पाट्या उतरवत होते, तेवढ्यात दीर माझ्या सीटवर बसले, इंजिन चालू केलं, रेस देऊन पाहिली. म्हणाले, "झकास झाली. वहिनी, उद्यापासून कॉलन्यांचं मी बघतो. तुम्ही कशाला उन्हातान्हात हाल करून घेता?"

नवऱ्याने मान डोलावली. सासऱ्यांनीसुद्धा. इतके दिवस मी ट्रॅक्टरमागे ओढली जात होते, तेव्हा माझे हाल यांतल्या कुणालाच दिसले नव्हते. अंगाची नुसती लाही झाली. मी खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं, चावी काढून कमरेला खोचली.

"भाऊजी, उतरा," मी म्हटलं.

ते हसले. मी हसले नाही. मी दार उघडून धरलं. मग ते उतरले. मी आत बसले आणि त्यांनी मागे सरकवलेली सीट माझे पाय पोचतील इतकी पुढे ओढून घेतली.