‘माय’च्या जागी ‘भाऊ’

दुसरीत होते तेव्हापासून मी गाते. कंधारला बाबांची बँजो पार्टी होती. वरातीत भोंगे बांधलेल्या गाड्यावर मला उभं करायचे आणि मी इवल्याशा गळ्यानं असा सूर लावायची की नवरदेवाचा घोडा बिचकायचा. लोक म्हणायचे, पोरगी लई पुढं जाणार. गेले की पुढं! कंधारहून नांदेड, नांदेडहून लातूर, आणि परत कंधार. एसटीनं.

माय बांगड्या भरायची. आसपासचे बाजार करायची, लग्नघरी चुडा भरायला जायची. आमच्याकडं रीत अशी, की बांगड्या भरून झाल्या की बाई भरणारीच्या पाया पडते, मग ती पाटलीण का असेना. मायची बोटं काचेनं चिरलेली असायची, आणि त्याच बोटांनी ती समोरचीच्या डोक्यावर हात ठेवायची. पंधरा वर्षांची असताना मी त्यावर गाणं केलं. बोल माझे, चालही माझीच. “माझी माय गं माय, काकणं भरते माय.” संथ गाणं, वरातीत चालण्यासारखं न्हाई, पण हळदीत म्हणलं की बायका डोळ्याला पदर लावायच्या.

मायनं मात्र ते कधी ऐकलं न्हाई. मी एका मांडवात गायची, तेव्हा ती दुसऱ्या गावात चुडे भरत असायची. घरी म्हणून दाखवावं तर लाज वाटायची. आईसमोर बसून आईचं गाणं कोण म्हणतं? बाबांनाही बजावलं होतं, तिला सांगू नका. एकदा मोठ्या स्टेजवर नेईन, पुढच्या खुर्चीवर बसवीन आणि तिथंच ऐकवीन, एवढी एकच हौस मनात धरून बसले होते.

आमच्या धंद्यात बोल बदलणं म्हणजे काही पाप न्हाई. वरातीत नवरानवरीची नावं घालायची, बारशात बाळाचं. म्हणून निवडणुकीच्या तोंडावर एका पुढाऱ्याची माणसं घरी आली आणि बाबांनी ‘माय’ काढून ‘भाऊ’ घातला, तेव्हा मलाही वावगं वाटलं न्हाई. बाबा म्हणले, “चाल कुठं पळून जाती का? निवडणूक झाली की भाऊ बाहेर, माय परत आत.” नांदेडच्या स्टुडिओत मीच गायले. ठेका दुप्पट केला. “आमचा भाऊ रं भाऊ, गावाला तारतो भाऊ.” आजही लिहिताना तोंड कडू होतं.

पण भाऊ काही बाहेर निघेना. भाऊचा वाढदिवस, भाऊची मिरवणूक, कुणाच्या का असेना लग्नाचा डीजे, सगळीकडं तेच. गाणारी कोण, कुणाला पडलंय? उमरीला एका हळदीत मी मूळ गाणं धरलं, तर नवरीची मावशी म्हणते, “अगं बाई, भाऊच्या गाण्याची नक्कल करून राहिली का?” घ्या! आपल्याच लेकराला पळवून आणलं म्हणावं तसं झालं. पुढं मी कितीतरी गाणी केली, जीव ओतून केली. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, बरं हाय, पण ते भाऊचं होऊन जाऊ द्या.

बाबा गेले, पार्टी मोडली. मायची नजर अधू झाली, तिचा बाजार सुटला. गेल्या वर्षी लातूरहून महिला मेळाव्यात गायचं बोलावणं आलं. माय म्हणली, “आता रिकामीच हाय मी, येते.” माझ्या अंगावर काटाच आला. नेली तिला, पुढच्या खुर्चीवर बसवली. तिथल्या वाजवणाऱ्यांना सांगितलं, संथ धरा, मूळ बोल हाईत. मायला काहीच बोलले न्हाई. गाण्यातूनच कळू दे म्हणलं.

कीबोर्डवर चाल निघाली आणि मांडवाच्या कडेनं शिट्ट्या सुरू झाल्या. “भाऊ! भाऊ!” ढोलकीवाल्याचा हात आपसूक पळाला. त्याला तरी काय बोलणार, वर्षानुवर्षं तोच ठेका वाजवत आला होता. बायका उठून नाचायला लागल्या. मी ‘माय’ म्हणलं, त्या ‘भाऊ’ ओरडल्या. मी पुन्हा ‘माय’ म्हणलं, माझं मलाच ऐकू येईना. आणि पुढच्या ओळीला, खरं सांगते, माझ्याच तोंडातून ‘भाऊ’ निघाला. मग शेवटपर्यंत भाऊच.

परतीच्या एसटीत माय लई खुशीत होती. माझा हात हातात घेऊन म्हणली, “लोकं कसली नाचली गं! भाऊचं गाणं गोड म्हणतीस तू.” मी खिडकीबाहेर बघत बसले.

अहमदपूर मागं पडल्यावर ती हळूच म्हणली, “साऱ्या दुनियेवर गाणी करती तू. मायवर बी एखादं कर की कधी.”

“हाव,” म्हणलं, “करते.”