कोरड्या जिल्ह्यातले अर्ज

आमच्या संस्थेत निधी साठत नाही, किस्से साठतात. अर्ज नामंजूर झाल्याची मेल एका ओळीची असते. त्या एका ओळीवर आम्ही तिघं आठवडाभर चहा पितो. चहा संपतो, ओळ विसरली जाते, किस्सा तेवढा उरतो. त्यावर हसावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तसं मला बरंच काही ठरवता आलेलं नाही.

तिघं म्हणजे मी, वंदनाताई आणि गेडामभाऊ. मी सामाजिक आरोग्यशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. देणगीदारांना अर्ज लिहिण्यापलीकडे आता मला काम नाही. वंदनाताई गावात काम करतात. गेडामभाऊ हिशेबही लिहितात आणि जीपही चालवतात. ऑफिस वर्ध्याला लागून पिपरी मेघेत, भाड्याच्या दोन खोल्यांचं. काम समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात: आरोग्याच्या बैठका, आणि मुलांसाठी संध्याकाळचं केंद्र. व्हॉलीबॉल, कॅरम, थोडा अभ्यास, बऱ्याच गप्पा. हेतू एवढाच, की त्या वेळात पोरं तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या आणि दारूच्या वाटेला जाऊ नयेत.

केंद्राचा निधी मार्चअखेर संपणार होता. नवा मिळाला नाही तर कुलूप. खालचं सगळं त्या शेवटच्या वर्षातलं.

*

मुंबईच्या एका कंपनीतल्या मॅडमना फोन लावला. त्यांनी अर्ज वाचला होता.

"सर, वर्धा तर ड्राय डिस्ट्रिक्ट आहे ना? दारूबंदी आहे. मग प्रॉब्लेम कुठे आहे?"

मी पाऊण तास समजावून सांगितलं. कायदा, अंमलबजावणी, सामाजिक कारणं. बोलता बोलता माझं मलाच वाटायला लागलं, की खरंच प्रॉब्लेम आहे ना? शेवटी वंदनाताईंनी फोन ओढून घेतला.

"मॅडम, बंदी दुकानाले हाये. दारूले कोनी सांगतलंच नाई!"

मॅडम मनापासून हसल्या. निधी त्यांनी दुसऱ्या जिल्ह्याला दिला. तिथे दारूची दुकानं कायदेशीर होती.

*

एका ट्रस्टचा ऑनलाइन अर्ज चक्क मराठीत होता. आनंद झाला. मूळ इंग्रजीचं भाषांतर कुठल्याशा यंत्रानं केलेलं असावं, कारण चौथा प्रश्न होता: "पुढील तीन वर्षांत आपली संस्था किती तरुणांना धोक्यात आणील?"

'धोक्यातल्या तरुणांपर्यंत पोचेल' असं त्यांना म्हणायचं असणार. मी नम्रपणे तशी दुरुस्ती सुचवणारा परिच्छेद लिहिला. यंत्र तो घेईना. त्याला फक्त आकडा हवा होता. खरा आकडा लिहावा, तर आपल्या सहीनं आपण एवढ्या मुलांचं वाटोळं करायचं कबूल केल्यासारखं! दोन दिवस मी त्या चौकटीसमोर बसून होतो.

"सर, शून्य लिवा न् मोकळे व्हा," गेडामभाऊ म्हणाले.

लिहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: "लक्ष्य अपुरे असल्याने अर्ज नामंजूर."

*

नागपूरच्या एका देणगीदारानं अट घातली, की संस्था स्वतः तंबाखूमुक्त हवी. कर्मचाऱ्यांचं धोरण लिहून द्या. मी लिहिलं: तंबाखूजन्य पदार्थ खाताना आढळल्यास सेवा समाप्त. टायपिंग गेडामभाऊंकडेच होतं. त्यांच्या गालात त्या वेळीही खर्रा होता.

टाइप करताना ते थांबले. उठून बाहेर जाऊन थुंकून आले.

"म्हंजे सर, ग्रँट आली तर माही नोकरी जाते, अन् नाई आली तर माहा पगार जाते?"

मग खुर्चीत बसून त्यांनी वाक्य पूर्ण केलं, स्पेलिंगची एकही चूक न करता. ग्रँट आली नाही.

*

दिल्लीच्या एका संस्थेला फोटो हवे होते. "कामाआधीचे आणि कामानंतरचे." आता जे घडू नये म्हणून काम करायचं, त्याचा फोटो कसा काढणार? वंदनाताईंनी व्हॉलीबॉल खेळणाऱ्या पोरांचा फोटो पाठवला. घामेजलेली, दात काढून हसणारी पोरं.

तिकडून विचारणा: "छान. यात पेशंट कोणते?"

मी कळवलं, की यात पेशंट नाहीत, हेच आमच्या कामाचं फलित आहे. पुन्हा मेल: "कृपया पेशंट असलेला फोटो जोडावा."

वंदनाताईंनी तो फोटो बराच वेळ पाहिला.

"सर, यातल्या एखाद्याले बिघडवू काय?"

*

मग आम्ही आमच्या जुन्याच देणगीदाराला पुन्हा विचारलं. मार्चअखेर संपणारा निधी त्यांचाच होता, दोन वर्षांचा. अट एकच होती: सुरुवातीला घरोघर पाहणी, आणि शेवटी पुन्हा तीच पाहणी.

सुरुवातीच्या पाहणीत गावात कोणीच पीत नव्हतं! दारूबंदीच्या जिल्ह्यात, हातात कागद घेऊन आलेल्या अनोळखी बाईला कोण सांगणार? सगळ्यांत ठणकावून सांगितलं लीलाबाईंनी. "आमच्या गावात दारू? बंदी हाये ना बाई, मालूम नाई काय तुमाले?" अख्ख्या गावाची दारू विकली जाते ती लीलाबाईंच्याच घरामागे.

दोन वर्षं संपत आली तेव्हा वंदनाताई पुन्हा फिरल्या. आता त्या परक्या राहिल्या नव्हत्या. बायांनी चहा टाकला आणि खरं सांगितलं. कोण पितो, कधीपासून, सोडावीशी वाटते पण सुटत नाही. मला भरून आलं. याला म्हणतात विश्वास! अहवालात मी तसं लिहिलंही.

त्यांचा शेरा आला: "प्रकल्पकाळात गावातील व्यसनाधीनता शून्यावरून चिंताजनक पातळीवर गेली आहे. काम पुढे चालू ठेवणे योग्य होणार नाही."

"म्हंजे गाव आपनच बिघडवलं!" गेडामभाऊ म्हणाले.

आम्ही हसलो. पण त्या रात्री मला झोप आली नाही. खरंच आपण बिघडवलं असेल तर?

*

शेवटच्या देणगीदाराकडची मुलाखत फेब्रुवारीत झाली. समोर तीन तरुण, चांगली माणसं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकानं अदबीनं विचारलं, "सर, तुमचं वय लक्षात घेता... तुमच्यानंतर काय?"

मी म्हणालो, "हा प्रश्न मलाही पडतो." खरं बोलायची ती जागा नव्हती, हे मला जिना उतरताना कळलं.

सिंदी मेघेला घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"तुमच्यानंतर काय म्हणजे? तुमचे कागद! मागच्या वेळी रद्दीवाल्यानंही नेले नाहीत."

*

मार्चच्या शेवटी आम्ही सामान आणायला गावात गेलो. ऊन चांगलंच तापलं होतं. कॅरम, वजनकाटा, फळा, गेडामभाऊ एकेक वस्तू जीपमध्ये ठेवत होते. व्हॉलीबॉलचं नेट पोरांनी स्वतःच सोडलं. नेटची घडी त्यांनी इतकी नीट घातली, की मला बघवेना.

रस्त्यानं लीलाबाई चालल्या होत्या. थांबल्या.

"काऊन भरून राह्यले सामान?"

"पैसे संपले, लीलाबाई," वंदनाताई म्हणाल्या. "कोनी देऊन नाई राह्यलं."

"मंग?"

"मंग काय. कुलूप."

लीलाबाई तशाच घरी गेल्या. सुटल्या एकदाच्या, असं मला वाटलं. आमच्या बैठकांचा त्यांना त्रासच होता. थोड्या वेळानं त्या परत आल्या. पदराखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि जीपमधल्या कॅरमवर उपडी केली. दहाच्या, विसाच्या, चुरगळलेल्या नोटांचा ढीग.

"दिवाळीवरी चालते काय एवढ्यात?"

"लीलाबाई," मी म्हणालो, "पण हे पैसे..."

"हौ, त्याचेच हायेत." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "धंदा बंद कर म्हनू नका, डॉक्टरसाहेब. तो माह्या पोटाचा हाये. पन सांज झाली का माह्या घरी गिऱ्हाईक येते, अन् माहा पोट्टा इथं येते. तुमी कुलूप लावलं तर तो कुठं बसन? घरीच ना!"

वंदनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढून पुसला.

गेडामभाऊंनी सवयीनं पावतीपुस्तक काढलं होतं. पेनचं टोपण दातात धरून ते थांबले.

"नाव काय लिवू?"

"माह्यं नको."

"मंग पावती कोनाच्या नावानं फाडू, बाई?"

लीलाबाईंनी एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा गावाकडे.

"गावाच्या नावानं फाडा ना, भाऊ. पैसे गावाचेच हायेत."